गावाच्या मदतीतून मुलांना व्यवहार शिकवायचा असेल, तर भांडवल कसे द्यावे?

प्रश्न | चोपडेकर_मास्तर

नमस्कार. चोपडा तालुक्यातील आमच्या गावात काही शिक्षक, दोन-तीन दुकानदार, बचत गटाच्या महिला आणि नोकरीधंद्यानिमित्त सुरत-पुण्याला स्थायिक झालेले गावकरी अशा आम्ही मंडळींनी नफा न कमावणारी एक छोटी संस्था काढायचे ठरविले आहे. चौदा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींना व्यवसाय कसा चालतो आणि पैसा कसा वागतो हे प्रत्यक्ष करून कळावे, एवढाच तिचा उद्देश आहे. त्यासाठी लागणारे पैसे, जागा, वेळ आणि अनुभव गावाने द्यावा, अशी कल्पना आहे.

याची गरज का वाटली ते सांगतो. आमच्याकडे केळी आणि कापूस ही दोन्ही नगदी पिके आहेत, त्यामुळे साध्या शेतकऱ्याच्या घरातही वर्षाला काही लाखांची उलाढाल होते. तरीही बारावी झालेल्या मुलापुढे वडिलांनी आणलेली विक्रीची पट्टी ठेवली, तर हमाली किती गेली, तोलाई किती गेली, वजनात कपात कशापोटी झाली हे त्याला सांगता येत नाही. वाणिज्य शाखेची मुलगी परीक्षेत जमा-नावे अचूक लिहिते, पण आईच्या गटाच्या कर्जात मुद्दल किती फिटले आणि व्याज किती गेले हे विचारले की गप्प बसते. पुस्तकातला हिशेब आणि घरातला हिशेब यांची कधी गाठच पडलेली नसते.

शाळांमधून बालबाजार भरतात आणि ते चांगलेच आहे. परंतु तेथे मेथी घरच्या शेतातली असते, भेळीचे सामान आईच्या डब्यातले असते, गिऱ्हाईक म्हणून पालक आणि शिक्षकच उभे असतात आणि संध्याकाळी गल्ल्यात जमलेली सगळी रक्कम नफा म्हणून जाहीर होते. मुलांचा दिवस आनंदात जातो, मात्र धंद्याविषयी मनात बसते ते चुकीचे.

आम्ही चार-पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटाला थोडे भांडवल द्यावे आणि त्यांनी एखादा लहान व्यवसाय सहा महिने खरोखरच चालवावा, असे ठरते आहे. येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. मतभेद पुढे आहे. आमच्यातील एक ज्येष्ठ दुकानदार म्हणतात की भांडवल देणगी म्हणूनच द्यावे, कारण बुडीत खात्याच्या भीतीने मुले धाडस करणार नाहीत. दुसऱ्या सदस्यांचे म्हणणे असे की फुकट मिळालेल्या पैशाला मोल नसते, तेव्हा परतफेड हवीच, आणि व्याजही हवे. सुरतेला असलेले गावकरी तर म्हणतात की, आम्ही पैसे पाठवतो, पण मुलांच्या धंद्यात आमचा हिस्सा धरा.

ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे की भांडवल कोणत्या रूपाने द्यावे, गावाकडून पैशापलीकडे नेमके काय घ्यावे आणि संस्थेची नोंदणी कोणत्या पद्धतीने करावी. विशेषतः मुलींच्या सहभागाबद्दल कोणी अनुभवाने लिहिले, तर फार उपयोग होईल.

---

उत्तर | शाखाधिकारी_भुसावळ (सेवानिवृत्त)

मास्तर, उपक्रम मनापासून आवडला. बँकेत असताना पीककर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा किंवा सही करणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट कायद्याची. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. त्यामुळे तुमच्या गटातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तुम्ही ‘कर्ज’ दिले आणि त्याच्याकडून काही लिहून घेतले, तरी त्या कागदाला अर्थ नाही, आणि तसा कागद करून घेणे योग्यही नाही. म्हणून अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांच्या बाबतीत कर्ज हा शब्दच काढून टाका. भांडवल संस्थेचेच राहील, गट ते वापरेल, आणि सहा महिन्यांनी जे शिल्लक राहील ते संस्थेकडे परत येऊन पुढच्या गटाला मिळेल, असे फिरते भांडवल ठेवा. तोटा झाला तर तो लेखी हिशेबासह संस्थेने सोसावा. मात्र हिशेब न देणाऱ्या गटाला पुढच्या वेळी काहीही मिळू नये. परतफेड झाली नाही तर चालेल, हिशेब मात्र चुकता कामा नये, ही शिस्त मुलांना परतफेडीच्या धाकापेक्षा अधिक शिकवील.

बँक खात्याबद्दलही अनेकांचा गैरसमज असतो. दहा वर्षांवरील मुलाला बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा बँक देऊ शकते. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच तसे स्पष्ट केले आणि २०२५ मध्ये त्याविषयी सुधारित सूचनाही काढल्या. रकमेची मर्यादा आणि अटी प्रत्येक बँक आपापल्या धोरणाप्रमाणे ठरवते. पैसे भरण्याची पावती लिहिणे, पासबुक भरून घेणे, नोंदी ताडून पाहणे ही कामे मुलांनी स्वतः शाखेत जाऊन केली पाहिजेत. शाखेत कोणी नीट बोलले नाही तर काय करायचे, हेही त्यातूनच कळते.

व्याज घ्यायचे नाही, पण व्याज शिकवायचे मात्र कसून. आपल्या भागात खासगी सावकारीचा दर अजूनही ‘शेकडा दोन’, ‘शेकडा तीन’ असाच बोलला जातो, आणि तो दरमहाचा असतो हे मुलांच्या लक्षात येत नाही. दहा हजार रुपयांना शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये, म्हणजेच वर्षाला ३६ टक्के, हे त्यांच्याकडून काढून घ्या. त्यानंतर दुसरे उदाहरण द्या. दहा हजारांचे कर्ज एका वर्षात बारा समान हप्त्यांत फेडायचे आहे आणि दोन ठिकाणी दर ‘१२ टक्के’ असाच सांगितला जातो. एका ठिकाणी पूर्ण रकमेवर सरसकट व्याज धरले जाते, तेथे व्याज १,२०० रुपये होते. दुसऱ्या ठिकाणी घटत्या शिल्लक रकमेवर धरले जाते, तेथे ते सुमारे ६६२ रुपये होते. दर तोच असूनही बोजा जवळपास दुप्पट का, हे ज्या मुलीने एकदा स्वतः बारा ओळींचा तक्ता मांडून शोधले, तिला पुढे कोणताही दुकानदार मोबाइलच्या हप्त्यात सहज फसवू शकणार नाही.

आणखी एक विनंती. शेअर बाजाराचा विषय मुले काढतीलच, तेव्हा तो टाळू नका. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे (म्हणजे पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांचे) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेल्याचे आढळले. गावागावांत पोरे हातातल्या मोबाइलवर हेच करीत आहेत. हा आकडा तुमच्या पहिल्याच महिन्यात त्यांच्यासमोर आला पाहिजे.

---

उत्तर | सातपुडा_सहयोगिनी (नंदुरबार)

नमस्कार सर. मी बचत गटांच्या कामात आहे. मुलींविषयी विचारलेत, म्हणून त्यावरच अधिक लिहिते.

गटांमध्ये आम्ही पाच गोष्टी पाळतो : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. तुमच्या मुलांच्या गटांना यातील बैठक, बचत आणि हिशेब या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून लावा. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून हजारो बायका या शिस्तीवर उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी जणी तुमच्याच गावात आहेत. त्यांना केवळ सत्काराला बोलावू नका, हिशेब तपासायला बसवा. चौथी शिकलेली आमची एक अध्यक्षा पदवीधर मुलाच्या वहीत न जुळलेली रक्कम कोठे अडकली आहे ते बोट ठेवून दाखवते.

मुलींच्या एका गटाचे काम मी जवळून पाहिले आहे, ते सांगते. होळीनंतर ऊन तापले की आपल्याकडे घरोघरी बिबडे (ज्वारीचे पापडासारखे वाळवण), पापड, शेवया सुरू होतात आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ते काम चालते. या मुलींनी ज्वारीचे बिबडे करून विकायचे ठरविले. त्यांनी पहिला हिशेब लिहून आणला, त्यात ज्वारी, तीळ, लसूण-मिरची, मीठ, दळण आणि पिशव्या एवढेच खर्चाला धरले होते, त्यामुळे नफा भरघोस दिसत होता. मी विचारले की, ज्वारी भिजत घालण्यापासून घाटा शिजवून कापडावर बिबडे थापून वाळेपर्यंत तुम्ही जे राबलात, त्याचे काय? त्या म्हणाल्या, “ताई, ते तर घरचंच काम आहे.” मग त्यांना शेतात निंदणीला जो रोज मिळतो, त्याच दराने स्वतःचे तास मांडायला लावले. जळण मांडले. उन्हात वाकडे झालेले आणि पिशवीत भरताना तुटलेले बिबडे वेगळे मोजायला लावले. एवढे धरल्यावर नफा जवळजवळ उरलाच नाही. त्या दिवशी त्या हिरमुसल्या. पण मग त्यांनीच वाद घालून तीन निर्णय घेतले. भाव वाढवायचा, तुटलेल्या बिबड्यांचा चुरा टाकून न देता वेगळ्या भावाने विकायचा आणि गावात न विकता सुरतेच्या नातेवाइकांकडे माल पाठवायचा, कारण गावात प्रत्येकीच्या घरी बिबडे होतातच. आईच्या आणि स्वतःच्या श्रमाला पैशात किंमत असते हे त्या मुलींना कळले, आणि मला वाटते की मुलींसाठी तुमच्या सगळ्या अभ्यासक्रमात याहून मोठा धडा नसेल.

मुलीने कमावलेले पैसे घरात लगेच मागितले जातात, हेही गृहीत धरा. पैसे घरी द्यायला कोणाचीच हरकत नाही, पण गटाचे भांडवल आणि स्वतःची मिळकत यांची सरमिसळ झाली की धंदा बसतो. म्हणून भांडवल गटाच्या पेटीत किंवा संस्थेच्या खात्यातच राहील, हे पालकांच्या पहिल्या सभेत सर्वांसमक्ष सांगा, आणि त्या सभेला वडील आलेच पाहिजेत असा आग्रह धरा. मुलींच्या बैठका दिवसाउजेडी आणि गावात ठेवा. रात्रीच्या वर्गाला मुली दोन आठवडे येतात आणि मग त्यांना घरून पाठवत नाहीत.

वर्षाचे वेळापत्रक ठरवताना स्थलांतर लक्षात घ्या. धडगाव-अक्कलकुवा भागातील कितीतरी कुटुंबे पावसाळा सरला की ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. चोपड्याच्या पाड्यांवरही हेच असेल. जूनमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपणारे शाळेसारखे वर्ष धरलेत, तर सर्वांत गरजू मूल मध्येच गळेल. त्यांच्यासाठी उन्हाळ्याचे तीन महिने धरा. उन्हाळ्यात सातपुड्यात आमचुराचा हंगाम असतो. कैऱ्या वेचणे, सोलणे, चिरणे, वाळवणे हे सगळे घरातली माणसे करतात आणि भाव मात्र व्यापारी सांगेल तो घेतात. तेथे मुलांनी नवीन वस्तू बनविण्याची गरजच नाही. चांगला वाळलेला पांढरा माल आणि काळपट पडलेला माल वेगळा केला, वजन स्वतः केले आणि दोन बाजारांतील भाव विचारून लिहिला, तरी तो पूर्ण व्यवसाय-शिक्षणाचा कार्यक्रम होतो.

---

उत्तर | दाणाबाजार_जळगाव

मास्तर, तुमच्या ज्येष्ठ दुकानदारांना माझा नमस्कार सांगा, पण माझे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे.

तुम्ही गावाकडून पैसे मागण्याआधी गिऱ्हाइकी मागा, आणि तीही दयेची नको. मुलांनी केलेला माल लोक कौतुकापोटी पहिल्या दिवशी दुप्पट भावाने घेतात आणि दुसऱ्यांदा कोणी फिरकत नाही. त्या पहिल्या दिवसाच्या विक्रीवर मुले पुढचा सगळा अंदाज बांधतात आणि भांडवल मालात अडकून पडते. त्याऐवजी दुकानदारांनी सांगावे की, माल आमच्या नेहमीच्या मालाच्या तोडीचा असेल आणि भाव जुळला, तर महिन्याला इतक्या पिशव्या आम्ही घेऊ, नसेल तर परत करू. परत आलेला माल मुलांना जे शिकवतो, ते कोणत्याही व्याख्यानाला जमणार नाही.

दुसरे म्हणजे मुलांना दुकानात बसवा. गादीवर बसून संध्याकाळी रोजमेळ जुळवायचा, म्हणजे सकाळची शिल्लक, दिवसाची आवक, दिवसाचा खर्च आणि गल्ल्यात प्रत्यक्ष असलेली रोकड यांचा मेळ घालायचा. दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत उठायचे नाही. खतावणीत कोणाच्या नावे किती उधारी आहे, त्यातील कोणती दिवाळीला येईल आणि कोणती कापूस विकला गेल्याशिवाय येणार नाही, हे मालकाला तोंडपाठ असते. उधारी द्यायची की नाही, कोणाला द्यायची, आणि संबंध न तोडता वसूल कशी करायची, यावरच आपल्याकडचे निम्मे धंदे तरतात किंवा बुडतात. पुस्तकांत या विषयाला अर्धे पानही नसते.

तिसरे म्हणजे पडतळ, म्हणजे माल आपल्याला प्रत्यक्ष किती रुपयांना पडला ते, काढायला शिकवा. आमच्या जळगावात डाळीच्या गिरण्या पुष्कळ आहेत. एखाद्या गिरणीत मुलांना घेऊन जा आणि तुरीच्या एका पोत्यातून डाळ किती निघते, चुनी (डाळीचा बारीक चुरा) किती निघते, टरफल किती निघते, हे मालकाला विचारायला सांगा. चुनी आणि टरफल पशुखाद्याला जाते. त्याची किंमत हिशेबात धरल्याशिवाय डाळीचा खरा पडतळ निघत नाही. सहयोगिनी ताईंनी सांगितलेला बिबड्यांचा चुरा म्हणजे हीच गोष्ट आहे.

---

उत्तर | अमळनेरकर

सुरतेच्या गावकऱ्यांची हिस्सा धरण्याची सूचना मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. आमच्या अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली, तीच पुढे विप्रो झाली. गावातील अनेक साध्या कुटुंबांनी तिचे शेअर घेतले, काहींनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, आणि त्यातून घरे उभी राहिली, शिक्षणे झाली. पैशाचे तर महत्त्व आहेच, पण त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते असे की, या गावातील सामान्य माणसाला कंपनीचा वार्षिक अहवाल म्हणजे काय, लाभांश म्हणजे काय आणि बोनस शेअर म्हणजे काय, हे घरबसल्या कळले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे १९१९ मध्ये ज्युनिअर अचिव्हमेंट नावाची संस्था सुरू झाली. तिची मूळ पद्धत याच धर्तीची आहे. विद्यार्थी एक लहानशी कंपनी काढतात, ओळखीच्या लोकांना अगदी थोड्या किमतीचे शेअर विकतात, त्या पैशातून वस्तू बनवून विकतात, आणि वर्षअखेरीस कंपनी गुंडाळून भागधारकांना हिशेब देतात. मार्गदर्शनाला गावातलेच व्यावसायिक असतात. शंभराहून अधिक वर्षे हे काम चालू आहे. आपणही पन्नास रुपयांचा एक ‘भाग’ काढून गावात का विकू नये?

---

उत्तर | हिशेबनीस_धुळे

अमळनेरकरांच्या सूचनेमागील भावना मी समजू शकतो, पण तसे करू नका. मी सनदी लेखापाल आहे, म्हणून हे स्पष्ट सांगणे माझे काम आहे.

कंपनी नोंदल्याशिवाय लोकांना शेअर विकता येत नाहीत, आणि खासगी कंपनी नोंदली तरी तिला जनतेकडून भागभांडवल मागता येत नाही. परताव्याचे आश्वासन देऊन लोकांकडून रक्कम घेतली, तर अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. पतसंस्था बुडाल्यामुळे आयुष्यभराची पुंजी गमावलेले ठेवीदार आपल्या जिल्ह्यांत घरोघरी आहेत. त्यांच्या गावात मुलांच्या नावाने ‘पैसे द्या, हिस्सा मिळेल’ असे म्हणणे कायद्याला धरून नाहीच, शिवाय ते माणुसकीलाही धरून होणार नाही.

गावाकडून जे घ्याल ते देणगी म्हणून, पावती देऊन आणि परताव्याचे कोणतेही वचन न देता घ्या. परंतु देणगीदाराला एक हक्क जरूर द्या, तो म्हणजे हिशेब विचारण्याचा. प्रत्येक गटाने तीन महिन्यांनी गावातील सभागृहात किंवा मारुतीच्या पारावर आपला जमाखर्च वाचून दाखवावा आणि पन्नास रुपये देणाऱ्या आजीलाही ‘हे तेल इतके महाग का घेतले?’ असे विचारता यावे. ज्युनिअर अचिव्हमेंटच्या पद्धतीचा गाभा मला याच उत्तरदायित्वात दिसतो, आणि त्यासाठी शेअरची गरज पडत नाही. गटातील मुलांनी पालकांच्या संमतीने आपापसांत थोडी-थोडी रक्कम घालून तिचे वाटे ठरविले, तर मात्र भागीदारी कशी असते हे त्यांना सुरक्षितपणे शिकता येईल.

नोंदणीबाबत सांगतो. तुमच्यासारख्या कामाला सोयीचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, किंवा नुसता सार्वजनिक न्यास. दुसरा म्हणजे कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. दुसऱ्या मार्गात कागदपत्रांची शिस्त आणि वार्षिक खर्च अधिक आहे. गावपातळीवरील कामासाठी मी पहिलाच सुचवीन, मात्र विश्वस्त बदलल्याचा अहवाल आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण वेळेवर देण्याची तयारी ठेवा. आपल्याकडच्या अनेक चांगल्या संस्था कामात कमी पडल्या नाहीत, त्या बदल अहवालात अडकल्या.

८०-जी या नावाने ओळखली जाणारी करसवलत तुम्हाला देणगीदारांना द्यायची असेल, तर प्राप्तिकर विभागाची वेगळी नोंदणी लागते. त्यातही २,००० रुपयांवरील रोख देणगीला सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला ही वजावट नाही, हे आधीच सांगा, म्हणजे नंतर गैरसमज होणार नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक निधीमागे सुरुवातीलाच धावू नका. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांवरच ते बंधन आहे, आणि तो निधी घेण्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला वेगळी नोंदणीही करावी लागते. मोठा निधी आला की त्याचे अहवाल इंग्रजीत लिहिण्यातच माणसे गुंततात आणि पारावरचे वाचन मागे पडते.

शेवटी दोन सावधगिरीच्या गोष्टी. चौदा वर्षांखालील मुलांना विक्रीच्या उत्पादनात घेऊ नका, चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामाजवळ जाऊ देऊ नका. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगारविषयक कायदा या बाबतीत कडक आहे. खाद्यपदार्थ विकणार असाल, तर अन्नसुरक्षेची नोंदणी एखाद्या सज्ञान व्यक्तीच्या किंवा बचत गटाच्या नावे आधी करून घ्या.

---

उत्तर | शिरपूर_२२

मी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, वय बावीस आहे. मोठ्यांनी सगळे लिहिलेच आहे, मी फक्त मुलांच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

मला काम येत होते, पण पैसे मागता येत नव्हते. ओळखीचा माणूस मोबाइल घेऊन गेला की ‘राहू दे भाऊ, नंतर देतो’ म्हणायचा आणि मला त्याला काही बोलता यायचे नाही. ज्याच्याकडून हे काम मी शिकलो त्या दुकानदाराने मला एक सवय लावली : वस्तू हातात देण्याआधी खर्चाचा आकडा कागदावर लिहून दाखवायचा. तेव्हापासून वाद कमी झाले. तुमच्या वर्गात मुलांकडून हे बोलण्याचे प्रसंग खरोखर करून घ्या, म्हणजे एकाने गिऱ्हाईक व्हावे आणि दुसऱ्याने उधारी मागावी.

दुसरे असे की, एकविसाव्या वर्षी मुलाला निरोप देऊ नका. खरी गरज तेव्हाच सुरू होते. लहान व्यवसायांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते हे ऐकून मुलगा बँकेत जातो, तेथे त्याला व्यवसायाचा आराखडा मागतात, आणि तो बाहेरच्या टायपिंगवाल्याकडून कोणाचा तरी आराखडा नाव बदलून घेतो. त्यातील आकडे त्याला स्वतःलाच सांगता येत नाहीत. तुमच्या संस्थेतील मुलाकडे सहा महिन्यांची स्वतःच्या हाताने लिहिलेली वही असेल, तर त्याचा आराखडा त्या वहीतूनच निघेल.

---

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद | चोपडेकर_मास्तर

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ही चर्चा छापून मी आमच्या बैठकीत वाचून दाखविली. शाखाधिकारी साहेबांचे फिरत्या भांडवलाचे म्हणणे दोन्ही बाजूंना पटले. सुरतेच्या मंडळींना हिशेबनीस साहेबांचे उत्तर पाठविले असून, ते हिस्सा न मागता देणगी द्यायला आणि त्रैमासिक वाचनाच्या वेळी फोनवरून हजर राहायला तयार झाले आहेत. बिबड्यांचे आणि केळीच्या वेफर्सचे दोन गट आखाजीपूर्वी सुरू करायचे आहेत. वेफर्सच्या कढईजवळ सज्ञान मुलेच राहतील, लहान मुले खरेदी, वजन आणि हिशेब पाहतील. दाणाबाजारच्या शेठजींनी सुचविल्याप्रमाणे चोपड्यातील दोन दुकानदारांनी ‘भाव आणि माल जुळला तर’ या अटीवर मागणी नोंदविली आहे.

एक शंका उरली. पारावर हिशेब वाचताना एखाद्या गटाला मोठा तोटा झालेला असेल, तर चारचौघांत त्या मुलांचा, विशेषतः मुलींचा, पाणउतारा होण्याची भीती आमच्यातील काही महिलांना वाटते. ती रास्त आहे. यावर काय करावे?

---

उत्तर | सातपुडा_सहयोगिनी (नंदुरबार)

सर, भीती खरी आहे. आम्ही गटांच्या सभेत एक क्रम पाळतो, तो तुम्हाला उपयोगी पडेल. वाचनाच्या आदल्या दिवशी गटाची वही बचत गटाच्या दोन बायका आणि एक दुकानदार यांनी मुलांबरोबर बसून पाहायची, म्हणजे बेरजेची चूक असेल तर ती तेथेच निघते आणि तोट्याचे कारण मुलांच्या तोंडून आधीच नीट मांडून होते. दुसऱ्या दिवशी वाचन गटाच्या नावाने करायचे, एकट्या मुलीच्या नावाने नाही, आणि सर्व मुलांनी थोडे-थोडे वाचायचे. प्रश्न लोकांनी हिशेबावर विचारायचे, माणसावर नाही, हे सभेचे अध्यक्ष सुरुवातीलाच सांगतील. अध्यक्षपदी एखाद्या अशा दुकानदाराला बसवा, ज्याने स्वतःचा तोटा पाहिला आहे आणि तो सांगायला जो कचरत नाही. आणि ज्या दिवशी एका गटाला तोटा आहे, त्या दिवशी दुसऱ्या गटाच्या नफ्याचे वाचन लगेच पाठोपाठ ठेवू नका. मध्ये चहा ठेवा.

वहीचा नमुना हवा असल्यास कळवा. आमच्या गटांचा मासिक ताळेबंद एकाच पानावर बसतो आणि सातवीच्या मुलालाही तो भरता येतो.